गुणवत्ता यादी लागली की सर्व्हर बसतो: अपॅचीचे डिफॉल्ट आकडे आणि २ जीबीचा हिशेब

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाची वेबसाइट मी काही वर्षं सांभाळतोय. वर्षातले अकरा महिने तिच्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाची गुणवत्ता यादी मात्र सकाळी अकराला लागते आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी कार्यालयातून भाऊसाहेबांचा फोन येतो, "सर, साइट परत गेली." पहिली यादी, दुसरी यादी, तिसरी यादी, दर वेळी तेच. मी रीस्टार्ट मारायचो, साइट यायची, दहा मिनिटांत पुन्हा बसायची आणि दुपारी दोननंतर आपोआप सुरळीत व्हायची. असे तीन हंगाम गेले. वाडीवस्तीवरच्या मुलीला आपलं नाव यादीत आहे का ते फोनवर दिसत नाही, मग ती एसटीने येऊन फलकावर बघते आणि परत जाते. हे मला फार लागायचं. म्हणून चौथ्या हंगामाआधी दोन आठवडे बसून एकेक आकडा तपासला. छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) वर्डप्रेस चालवणाऱ्या कुणालाही हे भोगावं लागू शकतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

यंत्रणा साधीच आहे: दोन कोअर, २ जीबी रॅम, उबंटू लिनक्स, पानं देणारा वेब सर्व्हर अपॅची, डेटाबेस मायएसक्यूएल आणि साइट चालवणारं, पीएचपी भाषेत लिहिलेलं वर्डप्रेस. खाली सेटिंगची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून मी शब्द तोडून लिहिली आहेत. फाइलीत ती सलग किंवा अधोरेषेने जोडलेली सापडतील.

मरतो एक, दोष दुसऱ्याचा

साइट बसली की पानावर "डेटाबेसशी संपर्क होत नाही" हा वर्डप्रेसचा संदेश यायचा. त्यामुळे पहिले दोन हंगाम माझा संशय मायएसक्यूएलवरच होता. त्याचा इनोडीबी बफर पूल (डेटा मेमरीत धरून ठेवायची जागा) डिफॉल्टने १२८ एमबी असतो. "परफॉर्मन्ससाठी हा वाढवा" असं सगळीकडे लिहिलेलं असतं, म्हणून मी तो ५१२ केला. पुढच्या यादीला साइट आधीपेक्षा लवकर बसली.

उत्तर कर्नलच्या लॉगमध्ये होतं, पण मी ते उघडूनच बघितलं नव्हतं. डीमेसेज कमांड चालवली की स्पष्ट दिसतं: मेमरी संपली, म्हणून मायएसक्यूएलची प्रोसेस मारली. रॅम आणि स्वॅप (रॅमला पूरक म्हणून वापरलेली डिस्कवरची जागा) दोन्ही संपले की लिनक्सचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेली एकच प्रोसेस निवडतो. माझ्या मशीनवर अपॅचीच्या शंभरावर प्रोसेस होत्या, प्रत्येक लहान. मायएसक्यूएल एकच, पण अंगाने मोठा. मेमरी खात होता अपॅची आणि बळी जात होता मायएसक्यूएल. चोर सोडून संन्याशाला फाशी. बफर पूल वाढवून मी त्या संन्याशाला आणखी ठळक करून ठेवलं होतं.

साइट वारंवार बसत असेल तर ब्राउझरमधला संदेश बाजूला ठेवा आणि आधी कर्नलचा लॉग बघा. त्यात ओओएमची ओळ सापडली तर पुढचा सगळा शोध मेमरीच्या हिशेबाचा आहे.

"वाढवण्याचा विचार करा"

अपॅचीच्या एरर लॉगमध्ये दर वेळी एक ओळ असायची. तिचा अर्थ असा: मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्सची (एकाच वेळी किती विनंत्या हाताळायच्या याची) मर्यादा गाठली आहे, ती वाढवण्याचा विचार करा. सर्व्हर स्वतःच सांगतोय म्हटल्यावर माणूस वाढवतो, तसा मीही वाढवला. कुठूनतरी मिळालेलं एक "हाय परफॉर्मन्स" कॉन्फिग घेतलं. त्यात वर्कर्स ४००, कीप अलाइव्ह टाइमआउट (निवांत जोडणी किती वेळ उघडी ठेवायची) १५ सेकंद आणि इनेबल सेन्डफाइल ऑन होतं. या तिन्ही गोष्टी माझ्या मशीनवर चुकीच्या किंवा निरुपयोगी ठरल्या आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी निघाली.

आधी ४०० चा आकडा. अपॅचीमध्ये एकाच वेळी अनेक विनंत्या सांभाळण्याच्या पद्धतींना एमपीएम म्हणतात. प्रीफोर्कमध्ये प्रत्येक जोडणीला एक स्वतंत्र प्रोसेस लागते, तर इव्हेंटमध्ये एका प्रोसेसच्या पोटात अनेक थ्रेड असतात. उबंटूवर नुसता अपॅची टाकला तर इव्हेंट मिळतो. पण पीएचपीचं अपॅचीत बसणारं मोड्यूल टाकलं की पॅकेज गुपचूप इव्हेंट बंद करून प्रीफोर्क चालू करतं, कारण ते मोड्यूल थ्रेडमध्ये चालण्यासाठी बांधलेलं नसतं. म्हणजे मी प्रीफोर्क कधी निवडलाच नव्हता. तुमच्याकडे काय चालू आहे ते आधी बघा. अपॅचीच्या कंट्रोल कमांडला कॅपिटल व्ही पर्याय दिला की ते एका ओळीत कळतं.

अपॅचीच्या मूळ कोडमध्ये प्रीफोर्कची मर्यादा २५६ आहे. डेबियन आणि उबंटूच्या पॅकेजने ती १५० ठेवली आहे. मी ४०० लिहिले तेव्हा अपॅचीने सर्व्हर लिमिट या वरच्या हद्दीवर बोट ठेवून आकडा २५६ वर आणला आणि तशी सूचनाही लॉगमध्ये लिहिली. ती मी वाचली नव्हती. मायएसक्यूएलच्या जोडण्यांची डिफॉल्ट मर्यादा १५१ आहे. अपॅची १५० वर असेपर्यंत दोघांचं जेमतेम जुळत होतं. अपॅचीची मर्यादा वाढवल्यावर "फार जोडण्या झाल्या" ही नवी चूक दिसायला लागली. एक आकडा हलवला की त्याच्या मागे बांधलेले दुसरे दोन ओढले जातात, हे मला तेव्हा समजलं.

आता हिशेब. पीएस कमांडमध्ये दिसणारा आरएसएसचा आकडा बेरजेला वापरू नका, कारण सगळ्या प्रोसेसमध्ये सामाईक असलेली मेमरी त्यात प्रत्येकीच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जाते. स्मेम नावाचं छोटं साधन पीएसएस दाखवतं. त्यात सामाईक मेमरी वाटून मोजलेली असते. माझ्याकडे वर्डप्रेस चालवणारी अपॅचीची एक प्रोसेस साधारण ४५ एमबीची भरली. मायएसक्यूएल परत १२८ वर आणलेल्या बफर पूलवरसुद्धा एकूण ४५० एमबीच्या आसपास जातो. ऑपरेटिंग सिस्टिम आणि बाकी किरकोळ मिळून ३०० धरा. २ जीबीतून हे वजा केलं की सुमारे १,२५० ते १,३०० एमबी उरतात. भागिले ४५. उत्तर येतं २७ ते २८.

पॅकेजने दिलेले १५० आणि माझ्या मशीनला झेपणारे २७. १५० प्रोसेस खरोखर उभ्या राहिल्या तर ६,७५० एमबी लागतील, म्हणजे आहे त्या रॅमच्या तिप्पट. डिफॉल्टच मुळात माझ्या मशीनच्या आवाक्याबाहेर होता आणि मी तो आणखी वर नेत होतो.

इथे डिफॉल्ट ठरवणाऱ्यांची अडचणही लक्षात घ्यायला हवी. तेच पॅकेज एखाद्याच्या छोट्या रास्पबेरी पायवर जातं आणि कुणाच्या ६४ कोअरच्या मशीनवरही. नुसत्या एचटीएमएल फाइली देणाऱ्या अपॅची प्रोसेसला ४५ एमबी लागत नाहीत, ती कितीतरी हलकी असते, आणि तिच्यासाठी १५० ठीकच आहेत. पोटात पीएचपी आणि पंधरा प्लगइन घेऊन बसलेल्या प्रोसेसला तोच आकडा लागू केला की गडबड होते. वजनाची कल्पना न घेता संख्या ठरवलेली आहे, कारण पॅकेज करणाऱ्याला ते वजन कळायला मार्गच नाही. ते मोजणं सर्व्हर चालवणाऱ्याचं काम आहे.

मी वर्कर्स २४ केले. साइट बसायची थांबली, मायएसक्यूएल पुन्हा मेला नाही. पण पान उघडायला काहींना अर्धा-अर्धा मिनिट लागायला लागला. मरण्यापेक्षा रांग बरी, तरी एवढी रांग का, हा प्रश्न उरलाच.

रिकाम्या हातांनी अडवलेल्या जागा

अपॅचीचं सर्व्हर स्टेटस पान हे या सगळ्या शोधातलं सगळ्यात उपयोगी साधन. प्रत्येक वर्कर काय करतोय ते त्यावर एकेका अक्षरात दिसतं: उत्तर पाठवणाऱ्यासाठी डब्ल्यू, विनंती वाचणाऱ्यासाठी आर, आणि काम संपवून "पुढची विनंती येईल का" म्हणून नुसत्या वाट बघणाऱ्यासाठी के. गर्दीच्या वेळी ते पान उघडलं तर २४ पैकी बहुतेक जागी के होता. दोन-चार वर्कर काम करत होते, बाकीचे कुणासाठी तरी दार धरून उभे.

ही कीप अलाइव्हची किंमत. फोनने एकदा जोडणी केली की पुढची चित्रं, स्टाइलशीट, स्क्रिप्ट त्याच जोडणीवरून मागता यावीत म्हणून सर्व्हर ती उघडी ठेवतो. कल्पना चांगलीच आहे. दर वेळी नव्याने टीएलएसची (कूटबद्ध जोडणी जुळवण्याची) देवाणघेवाण करायची तर दूरच्या टॉवरवर असलेल्या फोनला ते फार जड जातं. पण प्रीफोर्कमध्ये उघडी जोडणी म्हणजे अडवलेली प्रोसेस, म्हणजेच ४५ एमबी. एचटीटीपीच्या जुन्या १.१ आवृत्तीवर ब्राउझर एका साइटला सहापर्यंत जोडण्या करतो. चार फोन गुणिले सहा, झाले २४. कुणाचंही काम चालू नसताना चार फोन सगळा सर्व्हर पाच सेकंद अडवून ठेवू शकतात.

पाच सेकंद हा सध्याचा डिफॉल्ट आहे, पूर्वी तो १५ होता. मी उतरवून घेतलेल्या कॉन्फिगमध्ये त्या जुन्या काळातलाच १५ चा आकडा "वेगासाठी" म्हणून ठेवलेला होता. इव्हेंट किंवा एनजिनएक्स (दुसरा एक वेब सर्व्हर) असेल तर १५ च काय, जास्तही चालतात. एनजिनएक्सच्या कोडमध्ये हा डिफॉल्ट ७५ सेकंद आहे, कारण तिथे निवांत जोडणीला प्रोसेस लागत नाही, थोडी मेमरी आणि एक फाइल डिस्क्रिप्टर पुरतो. म्हणून एका सर्व्हरचा आकडा उचलून दुसऱ्याला लावू नका. नाव सारखं असलं तरी त्याची किंमत वेगळी असते.

हे मला आधी का कळलं नाही, त्याचंही कारण सांगतो. दर हंगामाआधी मी एबी नावाच्या, खोटी गर्दी उभी करणाऱ्या साधनाने चाचणी घ्यायचो आणि आकडे चांगले यायचे. एबीला खास पर्याय दिल्याशिवाय ते कीप अलाइव्ह वापरतच नाही. आलं, पान घेतलं, निघून गेलं. खरा फोन तसा जात नाही. माझी चाचणी नेमकी तीच गोष्ट वगळून चालली होती जिच्यामुळे साइट बसत होती. चाचणी घेताना तो पर्याय चालू करा, आणि चाचणी त्याच मशीनवरून घेऊ नका, नाहीतर मोजणारा आणि मोजला जाणारा त्याच दोन कोअरसाठी भांडतात.

मग दोन रस्ते होते. कीप अलाइव्ह टाइमआउट एक-दोन सेकंदांवर आणायचा, किंवा प्रीफोर्क सोडायचा. पहिला रस्ता दहा मिनिटांचा आहे. आजच साइट बसली असेल तर तोच धरा. मी दुसरा घेतला: अपॅचीतलं पीएचपी मोड्यूल काढलं, इव्हेंट चालू केला आणि पीएचपी-एफपीएमला (अपॅचीबाहेर पीएचपी चालवणाऱ्या सेवेला) वेगळं उभं केलं. इव्हेंटमध्ये निवांत जोडण्या एकच ऐकणारा थ्रेड सांभाळतो, काम करणारे थ्रेड मोकळे राहतात. शिवाय एचटीटीपी/२ मिळालं. अपॅचीने २.४.२७ पासून प्रीफोर्कवर ते बंदच केलं आहे. एचटीटीपी/२ वर फोन सहाच्या जागी एकाच जोडणीत सगळं मागतो.

पाच मुलांची फौज

पुढच्या यादीला साइट मेली नाही, पण ५०४ (उत्तर वेळेत आलं नाही) आणि ५०३ (सेवा उपलब्ध नाही) या चुका यायला लागल्या. एफपीएमच्या लॉगमध्ये ओळखीची वाटणारी सूचना होती: मॅक्स चिल्ड्रेनची (एकाच वेळी चालणाऱ्या पीएचपी वर्कर्सची) मर्यादा, म्हणजे ५, गाठली आहे, वाढवण्याचा विचार करा.

एकदा भाजल्यामुळे या वेळी आधी मोजलं. वर्डप्रेसचं यादीचं पान तयार व्हायला माझ्याकडे सुमारे २५० मिलिसेकंद लागत होते, त्यातले १८० प्रत्यक्ष सीपीयूचे. कोअर दोन. एका सेकंदात दोन कोअर मिळून दोन सेकंदांचं काम करतात. भागिले ०.१८, म्हणजे सेकंदाला अकरा पानं. वर्कर पाच असोत नाहीतर पन्नास, अकराच्या वर हे मशीन जाऊच शकत नाही. रांगेच्या शास्त्रात जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: एका वेळी आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत घालवलेला वेळ. अकरा गुणिले ०.२५, म्हणजे पावणेतीन. निव्वळ पानं बनवायला तीन-चार वर्कर पुरतात. म्हणजे एफपीएमचा ५ हा डिफॉल्ट, जो मला हास्यास्पद लहान वाटला होता, माझ्या दोन कोअरसाठी जवळपास बरोबरच होता.

मग रांग कशाची? एफपीएमचा स्लो लॉग डिफॉल्टने बंद असतो, तो दोन सेकंदांच्या मर्यादेवर चालू केला. पहिल्याच दिवशी उत्तर मिळालं. विद्यार्थी प्रवेश निश्चितीचा अर्ज भरायचा, तेव्हा पीएचपी बाहेरच्या मेल सर्व्हरला जोडून पोचपावती पाठवायचं आणि तो सर्व्हर उत्तर देईपर्यंत तीन-चार सेकंद तसंच थांबायचं. पाच विद्यार्थ्यांनी एकदम अर्ज पाठवला की पाचही वर्कर मेलच्या दारात उभे. सीपीयू जवळपास रिकामा आणि साइट ठप्प.

थांबणाऱ्या कामांसाठी जास्त वर्कर लागतात, राबणाऱ्या कामांसाठी लागत नाहीत. मी मॅक्स चिल्ड्रेन १५ केले. १५ गुणिले ४५ म्हणजे ६७५ एमबी. त्यात मायएसक्यूएलचे ४५०, सिस्टिमचे ३०० आणि अपॅचीचे साधारण १०० मिळवले तर दीड हजाराच्या थोडं वर, म्हणजे दोन जीबीत बसतं आणि फाइलींच्या कॅशला जागाही उरते. खरा इलाज मात्र मेल रांगेत टाकण्याचा होता. आता अर्ज फक्त डेटाबेसमध्ये नोंदवला जातो आणि दर मिनिटाला चालणारी वेगळी स्क्रिप्ट मेल पाठवते. हे झाल्यापासून पंधरापैकी चार-पाचच कामात दिसतात. तरी १५ तसेच ठेवले आहेत, कारण मेमरीने त्यांना परवानगी दिली आहे.

यात टाइमआउटचाही गुंता होता. अपॅचीच्या मूळ कोडमध्ये टाइमआउट ६० सेकंदांचा आहे, २.२ च्या काळात तो ३०० होता. डेबियन-उबंटूच्या कॉन्फिगमध्ये अजूनही ३०० च लिहिलेला असतो. एफपीएमकडून उत्तर येण्यासाठी अपॅची तोच आकडा धरतो, म्हणजे अडकलेल्या पानासाठी विद्यार्थ्याने पाच मिनिटं चक्र फिरताना बघायचं. तोवर तो तीनदा रिफ्रेश करतो आणि रांग चौपट होते. मी तो ६० केला. मंद नेटवर्कवर फोटो अपलोड करणाऱ्यांना याने त्रास होईल असं वाटत होतं, पण हा वेळ पूर्ण अपलोडचा नसतो, दोन पाकिटांमधल्या खंडाचा असतो. कुणाचीही तक्रार आली नाही.

अर्धी पीडीएफ

ही तक्रार वेगळी होती आणि दर यादीला दोन-तीन जणांकडून यायची: पीडीएफ उघडत नाही, फाइल खराब आहे. इथे मला सेन्डफाइल आठवलं.

सेन्डफाइल म्हणजे फाइलमधला मजकूर अपॅचीच्या हातात न घेता कर्नलनेच थेट जोडणीवर ढकलायचा. एक कॉपी वाचते, सीपीयू वाचतो. ऐकायला यात कुठेच तोटा नाही. तरीही अपॅचीने हे डिफॉल्ट २.४ मध्ये ऑनवरून ऑफ केलं. एनजिनएक्सच्या कोडमध्येही ते मुळात ऑफ आहे, त्यांच्या नमुना कॉन्फिगमध्ये ते ऑन लिहिलेलं असतं इतकंच. कारण फाइल नेटवर्कवरच्या डिस्कवर असेल तर कर्नलचा कॅश आणि प्रत्यक्ष फाइल यांचं पटेलच असं नाही. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये साइट तयार करणाऱ्यांनी हे अनुभवलेलं असतं: शेअर केलेल्या फोल्डरमधली स्टाइलशीट बदलली तरी ब्राउझरला जुनीच मिळते, किंवा शेवटी कचरा जोडलेली मिळते. तिथे सेन्डफाइल ऑफ केलं की प्रश्न मिटतो. बहुसंख्यांचा थोडा सीपीयू वाचवण्यासाठी काहींना चुकीची फाइल द्यायची का, या प्रश्नाला अपॅचीने "नको" असं उत्तर दिलं. मला ते पटतं. मंद उत्तर सहन होतं, चुकीचं उत्तर होत नाही, आणि गुणवत्ता यादीच्या बाबतीत तर मुळीच नाही.

माझ्या साइटवर मात्र सेन्डफाइल ऑन करण्यात फायदाही नव्हता आणि दोषही त्याचा नव्हता. सगळी साइट एचटीटीपीएसवर आहे. मजकूर कूटबद्ध करायला अपॅचीला तो हातात घ्यावाच लागतो, त्यामुळे सेन्डफाइलची ती आडवाट वापरलीच जात नाही. त्या नकललेल्या कॉन्फिगमधली ती ओळ माझ्यासाठी शोभेची होती.

खरा प्रकार असा: यादीत दुरुस्ती निघाली की भाऊसाहेब त्याच नावाची पीडीएफ एफटीपीने वरून चढवायचे. चढवणं सुरू होताच जुनी फाइल शून्यावर येते आणि हळूहळू भरत जाते. त्या मिनिटभरात डाउनलोड करणाऱ्याच्या हाती तुकडा पडतो. दुसरा धोका अपॅचीच्या एनेबल एमएमॅपचा आहे, जो डिफॉल्टने ऑन असतो. फाइल मेमरीत नकाशासारखी अंथरून वाचायची, ही वेगासाठीची सोय. पण वाचता वाचता खालून फाइल आखूड झाली तर ती प्रोसेसच कोसळते. एरर लॉगमध्ये "बस एरर" लिहून चाइल्ड मेल्याची ओळ मला सापडली. प्रीफोर्कमध्ये अशाने एका माणसाची जोडणी तुटते. इव्हेंटमध्ये एका प्रोसेसमध्ये २५ थ्रेड असतात, तिथे त्या सगळ्यांच्या तुटतात. इव्हेंटवर गेल्यावर हा धोका वाढला होता.

मी एमएमॅप बंद केलं नाही. चढवण्याची पद्धत बदलली. फाइल आधी वेगळ्या नावाने पूर्ण चढते, मग एक छोटी स्क्रिप्ट तिचं नाव बदलते. एकाच फाइल सिस्टिमवर नाव बदलणं एका क्षणात आणि अखंड होतं. ज्यांचं डाउनलोड चालू असतं त्यांच्या हाती जुनी फाइल शेवटपर्यंत शाबूत राहते. भाऊसाहेबांना मी हे सगळं कागदावर काढून दाखवलं. तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे फलकावरची जुनी यादी फाडायच्या आधी नवीन टाचायची." अगदी तेच.

पीडीएफच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट हाती लागली आणि सगळ्यात मोठा फरक तिनेच पाडला. यादी छापून, सह्या घेऊन, स्कॅन करून चढवली जायची. आकार ८ एमबी. आमची जोडणी १०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. सेकंदाला दीड पीडीएफ. वर्कर, टाइमआउट, सेन्डफाइल यांतलं काहीही हलवून हा आकडा बदलणार नव्हता. आता कार्यालय एक्सेलमधूनच पीडीएफ काढतं, ती ३०० केबीच्या आत बसते आणि तीत नाव शोधताही येतं. सह्यांची प्रत फलकावर असतेच. त्याच जोडणीवर आता सेकंदाला चाळीस जणांना यादी मिळू शकते.

यादीचं पानही सगळ्यांना सारखंच दिसतं, ते दर वेळी १८० मिलिसेकंद खर्चून नव्याने बनवायची गरज नव्हती. पेज कॅश लावला, आता अपॅची तयार एचटीएमएल फाइल देतो आणि पीएचपीला हात लागत नाही.

जे आकडे हलवले नाहीत

परफॉर्मन्सच्या लेखांमध्ये दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी मी तशाच सोडल्या. होस्टनेम लुकअप्स १.३ पासून ऑफच आहे. प्रत्येक पाहुण्याचं नाव डीएनएसला विचारत बसणं बंद केलं तो डिफॉल्ट बदल योग्यच होता, तिथे करण्यासारखं काही नाही. अलाउ ओव्हरराइड २.४ मध्ये मुळातच बंद आहे. वर्डप्रेससाठी बहुतेक जण तो पूर्ण उघडतात आणि मग प्रत्येक विनंतीला अपॅची वाटेतल्या एकेका फोल्डरमध्ये नियमांची फाइल शोधत जातो. मी वर्डप्रेसचे नियम मुख्य कॉन्फिगमध्ये हलवून तो बंदच ठेवला. वेगात फरक जाणवला नाही, पण चढवलेल्या फोल्डरमध्ये कुणी नियमांची फाइल टाकून खोडी काढण्याची वाट बंद झाली, म्हणून तसाच ठेवणार आहे. सोमॅक्सकॉन, म्हणजे दाराबाहेरच्या रांगेची लांबी, लिनक्स ५.४ पासून १२८ ची ४०९६ झाली आहे. जुना कर्नल असेल तर एफपीएमने मागितलेली ५११ ची रांग १२८ वरच कापली जाते, तेवढं तपासा.

कॉन्फिगमध्ये बदललेल्या प्रत्येक ओळीच्या वर आता मी एक टीप लिहितो: तारीख, मूळ आकडा, कशाच्या मोजणीवरून बदलला. मॅक्स चिल्ड्रेनच्या वर लिहिलंय, "एक प्रोसेस ४५ एमबी, रॅम २ जीबी, मेल रांगेत टाकण्याआधी". महाविद्यालय पुढच्या वर्षी रॅम ४ जीबी करायचं म्हणतंय. तेव्हा हा १५ चा आकडा वाढवता येईल आणि बफर पूल ५१२ वर नेता येईल. सेकंदाला अकरा पानांची मर्यादा मात्र कोअर वाढेपर्यंत तिथेच राहील, आणि पीडीएफची चाळीसची मर्यादा जोडणी बदलेपर्यंत.